सही शेठची, हात पोराचे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वडोदऱ्याच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. 'पीएम सूर्यघर' योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हे एव्हाना मंडळात सगळ्यांना पाठ झालं आहे. कामाला दोन मुलं आली. एक जळगावकडचा, घरात मराठी ऐकून खुलला. चहा देताना सहज विचारलं, "बाळा, वायरमनचं परमिट आहे ना तुझ्याकडे?" तो म्हणाला, "काका, लायसन शेठचं आहे ना!"

शेठ शेवटपर्यंत दिसले नाहीत. कागदावर त्यांची सही तेवढी आली. जन्म बँकेत गेला, त्यामुळे सही दिसली की ती कोणासमोर झाली हे विचारायची खोड काही जात नाही.

नियम काय सांगतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ साली सुरक्षेचे नवे विनियम आणले, पण ही अट १९५६ च्या नियमांपासूनची आहे. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरने समोर उभं राहून करून घ्यायचं आणि जो वायरला हात लावतो त्याच्याकडे त्या राज्याने दिलेलं किंवा मान्य केलेलं परमिट हवं. म्हणजे कागद तीन. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला यातलं काही लागत नाही, त्यामुळे गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला बोलवायला घाबरू नका. सोलर मात्र या सवलतीत बसत नाही. आणि माझ्या फाईलमध्ये तीनपैकी एकच कागद होता.

ही नुसती कारकुनी नाही. घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेल वीज देतच राहतात. सहा पॅनेल एकापाठोपाठ जोडले की अडीचशे-तीनशे व्होल्टचा डीसी प्रवाह तयार होतो. त्यात जोड सैल राहिला तर पडणारी ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही, आणि आग लागते ती गच्चीवर, कुणाचं लक्ष नसताना. योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे. तेवढ्या गच्च्यांवर चढणारे शिकलेले हात कुठून येणार, याची चर्चा अनुदानाच्या चर्चेच्या पावपटही होत नाही.

दोष पोराचा म्हणावा, तर तेही पटत नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. त्याला ती दोन वर्षं परवडली नाहीत. (आयटीआय झालं म्हणजे परमिट मिळालं, हाही एक गैरसमज. ते वेगळं काढावं लागतं.) अनेक राज्यांत अनुभवावर वायरमनच्या परीक्षेला बसता येतं, पण अनुभवाचा दाखला द्यायचा ठेकेदाराने. परमिट हातात आलं की मुलगा जास्त मजुरी मागणार किंवा दुसरीकडे जाणार, हे ठेकेदारालाही कळतं. शिवाय दाखला देणं म्हणजे इतके दिवस बिनपरमिटच्या माणसाकडून काम करून घेतलं, हे लिहून देणंच झालं. नियम त्याला जो दरवाजा उघडून देतो, त्याची किल्ली अशी शेठच्या खिशात आहे.

दाखल्याचा नमुना मी त्याला टाइप करून दिला. दिवाळीत त्याचा फोन आला होता. शेठ म्हणतात, सीझन संपू दे, मग बघू.