बाळाची पहिली लस आईच्या दंडावर

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ पसरली. लसीकरणाच्या वेळापत्रकात गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. पण तापाने फणफणलेल्यांत त्याहून लहान बाळंही होती. अखेर साथीच्या भागात सहा महिन्यांपुढच्या बाळांना एक जादा डोस द्यायचं ठरलं. मग एरवी नऊ महिने थांबायचं तरी कशाला, असं कुणालाही वाटेल.

उत्तर आईच्या रक्तात आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. ती नुसती झिरपत नाहीत. वारेतल्या पेशी त्यांना धरून पलीकडे पोचवतात. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्यांचं प्रमाण आईइतकं, कधी तिच्याहून जास्त भरतं. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अर्धवट मिळते. आणि हीच प्रतिपिंडं गोवराच्या लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. लस फार लवकर टोचली तर वाया जाण्याची भीती, उशिरा टोचली तर मधल्या काळात बाळ उघड्यावर. नऊ महिने ही त्यातली तडजोड. त्यात भर म्हणजे, गोवर होऊन गेलेल्या आईपेक्षा लस घेतलेल्या आईकडून बाळाला प्रतिपिंडं कमी मिळतात आणि ती लवकर ओसरतात. (म्हणून गोवर झालेलाच बरा, असं कुणी म्हणू नये. गोवराने घरातली मुलं कशी नेली, ते पणजीच्या पिढीला ठाऊक होतं.)

आईकडून बाळाला संरक्षण मिळतं, हे पॉल एर्लिशने 1892 मध्येच उंदरांवर दाखवून दिलं होतं. एका उंदरीची पिल्लं दुसरीला पाजायला देऊन त्याने दुधातूनही संरक्षण जातं हे सिद्ध केलं. आपल्याकडे मात्र बाळंतपणानंतरचा पहिला पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायची रीत कित्येक घरांत कालपरवापर्यंत होती, आणि त्याऐवजी बाळाच्या जिभेवर मधाचं बोट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं.

नवजात बाळाची प्रतिकारशक्ती ‘कमजोर’ असते, हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. पोटात नऊ महिने आईच्या पेशींशी भांडण न करता राहायचं आणि जन्मल्यावर आतड्यात वस्तीला येणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंना सामावून घ्यायचं, तर हल्ल्यापेक्षा सबुरीला अग्रक्रम द्यावा लागतो. बाळाची यंत्रणा तशीच घडलेली असते. या सबुरीची किंमत म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजातांना घेऊन झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका निवडक उपयुक्त जिवाणूचा आठवडाभराचा डोस दिल्यावर गंभीर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले. तो जिवाणू पारखून निवडलेला होता. दुकानात ‘इम्युनिटी’ची चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या थेंबांना हा पुरावा लागू होत नाही.

गरोदर बाईचंही तसंच. तिचं शरीर हात टेकून बसलेलं नसतं, पण काही आजार तिला जास्त झोडपतात. फ्लू त्यातला एक. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना सोडून देते, पण शेवटच्या तिमाहीत गाठलं तर काही साथींमध्ये पाचांतली एक गरोदर बाई दगावल्याच्या नोंदी आहेत. इथे लसीपेक्षा नळाचं पाणी महत्त्वाचं.

जिथे लस आहे, तिथे तिने काय केलं हे धनुर्वाताने दाखवलं. न उकळलेल्या विळ्याने वा पात्याने कापलेली नाळ, त्यावर राख किंवा शेण, आणि आठवड्याभरात ताठ झालेलं बाळ. 1988 मध्ये जगभरात असे सुमारे 7 लाख 87 हजार नवजात मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. 2015 मध्ये माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं याच संघटनेने मान्य केलं. गरोदर बाईच्या दंडावरच्या दोन सुया आणि स्वच्छ बाळंतपण, एवढ्यावर हे साधलं. आता त्या सुईत घटसर्पाची लसही असते.

पण गाडी तिथेच थांबली आहे. डांग्या खोकल्याचंच बघा. बाळाला त्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते, आणि या आजाराने जीव जातो तो मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत. ब्रिटनमध्ये 2012 च्या साथीत 14 तान्ही बाळं गेली. त्याच ऑक्टोबरात तिथे सर्व गरोदर बायकांना ही लस मोफत सुरू झाली. ती घेतलेल्या आयांच्या तीन महिन्यांच्या आतल्या बाळांचं तिने 91 टक्के संरक्षण केलं. फ्लूचा दाखला तर शेजारचा, ढाक्याचा आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात आईला फ्लूची लस टोचल्यावर बाळांतला फ्लू 63 टक्क्यांनी घटला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस थेट देताच येत नाही.

आपल्याकडे प्रसूतितज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना या दोन्ही लसींची शिफारस करते. खासगी दवाखान्यात हजाराच्या वर रुपये मोजणाऱ्या बाईला सातव्या-आठव्या महिन्यात डांग्या खोकल्याची सुई मिळते. उपकेंद्रात जाणारीच्या कार्डावर फक्त धनुर्वात-घटसर्प. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथल्या बाळाला खोकला गाठण्याची शक्यता जास्त, आणि संरक्षण नेमकं त्यालाच नाही, हे उफराटं आहे. फ्लूची लस गरोदर बायकांना मोफत देण्यात महाराष्ट्राने 2015 मध्ये पुढाकार घेतला होता, याबद्दल राज्याला श्रेय द्यायला हवं. पण गावोगावच्या बायकांना तिची माहिती पोचवण्याचा उत्साह पोलिओच्या रविवारांसारखा कधी दिसला नाही.

खर्चाचं कारण पुढे येईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजातांचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हाही हे परवडणार नाही, जमणार नाही, असं म्हणणारे होतेच. 1999 मध्ये आकडे प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची तपासणी होतेच; त्याच टेबलावर डांग्या खोकल्याची कुपी ठेवायला नवी यंत्रणा लागत नाही.

गोवर-रुबेलाची लस मात्र गरोदरपणात देता येत नाही, ती आधीच व्हावी लागते. 27 नोव्हेंबर 2018 ला राज्यात सुरू झालेल्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलींना ती शाळेतच टोचली गेली. तेव्हा अफवांना घाबरून ज्यांच्या घरच्यांनी नकार दिला, त्यांतल्या मोठ्या मुली आता लग्नाच्या वयाच्या आहेत. त्यांना ती आजही देता येते, फक्त दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी.