दिवा मालवण्याची रीत



आष्टीहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूरच. तरीही मावळतीची रीत दोन्हीकडे एकच. दिवसरात्र समान असतात त्या मार्चमधील दिवसांत आष्टीचा सूर्य मालवणपेक्षा जवळजवळ वीस मिनिटे आधी मावळतो, कारण आपण पूर्वेला आहोत. परंतु सूर्य गेल्यावरही दिव्याविना काम उरकता येईल एवढा उजेड दोन्ही ठिकाणी सुमारे २२ मिनिटे रेंगाळतो. ज्या घरांत सूर्यास्त पाहून ताटे वाढली जातात, त्यांना या मिनिटांचे मोल सांगावयास नको.

समुद्रतळीही या मिनिटांना तितकेच मोल आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आढळतात. मालवणचा हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण ती असते चिमुकल्या जीवांची वसाहत. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते. ते दिवसा उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. उजेड उतरू लागला की पुष्कळ प्रवाळ आपले बारीक बाहू पसरून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपू लागतात. दिवसभर हिंडणारे मासे कपारींत शिरतात, काही पोपटमासे स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून त्यात रात्र काढतात आणि मोठ्या डोळ्यांचे निशाचर मासे बाहेर पडतात. एका पाळीने दुसरीच्या हाती कारभार सोपवावा, तसा हा संधिकाळ.

काचेच्या पेटीत मात्र संधिकाळ नसतो. असते ते बटण. लख्ख उजेड आणि पुढच्याच क्षणी मिट्ट काळोख. आसरा शोधण्यास अवधी न मिळालेला मासा बिथरतो, काचेवर आदळतो, कधी उडी मारून बाहेर पडतो. सकाळी अचानक लागलेला दिवाही तसाच घातक. शोभेसाठी रात्रभर दिवा तेवत ठेवणेही योग्य नाही, कारण विश्रांतीसाठी अंधार लागतोच.

उपाय सोपा आहे. उजेड कमी-जास्त होणारा एलईडी दिवा आणि टायमर असल्यास सकाळी व संध्याकाळी अर्धा ते एक तास प्रकाश हळूहळू बदलावा. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते व निळा सर्वांत खोल पोहोचतो. म्हणून संध्याकाळी पांढरा दिवा आधी उतरवावा, निळा शेवटी. असा दिवा नसेल तर खोलीतला दिवा चालू ठेवून आधी पेटीचा बंद करावा आणि अर्ध्या तासाने खोलीतला. सकाळी खिडकी आधी उघडावी, पेटीचा दिवा नंतर लावावा. दिवा मालवला तरी हवेचा पंप मात्र चालूच हवा. रात्री शैवाल व वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात.

व्यापारी घरांनी एक गोष्ट विसरू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये कठीण प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे व विकणे हा गुन्हा आहे. मागणी कितीही असो, हा माल आपल्या दुकानात नसावा आणि दिवाणखान्यातही नसावा.

प्रवाळ मानवी देखरेखीत वाढविण्याचे काम संशोधन संस्थांत चालते आणि तेथेही यश मिळाले ते निसर्गाची वेळ पाळल्यानेच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातील ठराविक पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत असंख्य प्रवाळ एकदमच पाण्यात बीजे सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रॅग्ज व सहकाऱ्यांनी बंद टाक्यांत सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राच्या कला आणि ऋतूंनुसार बदलणारे तापमान हुबेहूब उभे केले. प्रवाळांनी तेथेही बीजे सोडली. २०१७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. समुद्र न पाहणाऱ्या त्या टाक्यांत अंधाराचेही वेळापत्रक कोणीतरी काळजीपूर्वक आखले होते.

पेटीतल्या जिवाला स्वतःचा दिवा मालवता येत नाही. त्याचा दिवस आपण विकत आणला असेल, तर त्याची रात्र देणे हेही आपल्याकडचे देणे आहे.