काउंटरवरचं हसू ऑर्डर करून मिळत नाही

आपल्या नाशिकच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतोच. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरचं एखादं बर्गर-पिझ्झाचं दुकान, काउंटरमागे विशीतला मुलगा नाहीतर मुलगी आणि समोर मोबाईल धरलेला ग्राहक. "बघा, कसा उद्धट बोलतोय!" खाली कमेंटचा पाऊस. "काढून टाका याला." "आजकालच्या पोरांना कामच नको."

ग्राहकाची तक्रार खोटी असते असं माझं म्हणणं नाही. साडेतीनशे रुपये मोजायचे, पंचवीस मिनिटं ताटकळायचं आणि हातात भलतीच ऑर्डर पडली तर कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरतं. पण हा उद्धटपणा तयार कुठे होतो? त्या पोराच्या घरी, की काउंटरच्या मागे?

माझ्या शेजारी दोन मुलं भाड्याने राहतात. एक सुरगाण्याकडचा, एक पेठचा. दिवसा कॉलेज, संध्याकाळी अशाच एका दुकानात काम. त्यांच्याकडून जे ऐकलं ते सांगतो.

किचनमध्ये स्क्रीन असते. ऑर्डर आली की घड्याळ सुरू. ठरलेले सेकंद उलटले की ती ऑर्डर लाल होते. शनिवारी रात्री आठ वाजता काउंटरवर रांग असते आणि त्याच वेळी डिलिव्हरी अ‍ॅपच्या ऑर्डरी धडाधड येत असतात. बाहेर डिलिव्हरीवाला घाई करतोय, आत स्क्रीन लाल झालीय, समोर तुम्ही उभे. ग्राहक तीन ठिकाणांहून येतात, पण बनवणारे हात तेवढेच. त्यात दोघं सुट्टीवर असले की सहा जणांचं काम चौघांवर. आणि अशाही वेळी प्रत्येकाला "सर, कॉम्बो घेणार का?" विचारायचंच, कारण त्याचंही टार्गेट असतं.

गंमत बघा. काउंटरच्या अलीकडे नाशिककर, पलीकडे नाशिककर आणि दोघं बोलतात हिंदीत. कारण पाठ करून घेतलेली वाक्यं हिंदी-इंग्रजी आहेत. पाठ केलेल्या वाक्यात माणूस भांडू शकत नाही आणि मनापासून सॉरीही म्हणू शकत नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. ऑर्डर चुकली तर ती बदलून द्यायचा अधिकार त्या पोराला नसतो. बिल रद्द करायचं तर मॅनेजर हवा. मॅनेजर आत फ्रायरवर उभा, कारण माणसं कमी. म्हणजे तुमचा राग झेलायची जबाबदारी त्याची, पण राग घालवायचा उपाय त्याच्या हातात नाही. मानसशास्त्राचं पुस्तक न उघडताही कळतं की अशा जागी माणूस एकतर चिडतो, नाहीतर दगड होतो. आपण दोन्हीला 'उद्धट' म्हणतो.

आता आपलं मिसळीचं हॉटेल आठवा. रस्सा गार आला म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की गल्ल्यावरचा मालक तिथूनच ओरडतो, "अरे, दादांना गरम रस्सा आण." दहा सेकंदांत भांडण संपतं. तिथली पोरं फार सुखात आहेत असं नाही. तिथेही बारा-बारा तास राबणारे आहेत, आणि 'ए छोटू' म्हणणारे आपणच आहोत. पण चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणारा माणूस समोर असतो. साखळी दुकानांनी चव सगळीकडे सारखी केली, तो अधिकार मात्र कॉम्प्युटरच्या पासवर्डमागे नेऊन ठेवला.

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला नाव दिलं : भावनिक श्रम. पोतं उचलणं जसं काम, तसंच आतून काहीही वाटत असलं तरी चेहरा हसरा ठेवणं हेही काम. त्यानेही माणूस थकतो. फरक एवढाच, की पोत्याचं वजन दिसतं.

मालक मंडळी म्हणतील, भावनेवर धंदा चालत नाही. ठीक, मग धंद्याचंच बोलू. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात टाको बेल या अमेरिकन फास्ट फूड साखळीचे आकडे मांडले होते. ज्या २० टक्के दुकानांत माणसं सर्वांत कमी सोडून जात होती, त्यांची विक्री सर्वांत जास्त गळती असलेल्या २० टक्के दुकानांच्या दुप्पट होती आणि नफा ५५ टक्क्यांनी जास्त. आता कुणी म्हणेल, चालणाऱ्या दुकानात माणसं टिकणारच. असेलही थोडं तसं. पण दर दोन महिन्यांनी नवं पोरगं आणून त्याला पहिल्यापासून शिकवायचं, त्याच्या चुका ग्राहकाने खायच्या, हा हिशोब कुठल्याही धंद्यात तोट्याचाच.

कायदाही आहे बरं का. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग काही तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला लिहिलेला आहे. शेजारच्या पोरांना विचारलं तर म्हणाली, "काका, गर्दी असली की ब्रेक कसला? कोपऱ्यात उभ्यानेच दोन घास खायचे." आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने मंजुरी कशाला दिली? दिवसाचे नऊचे दहा तास करायला. तिकडे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. साधं बसायला मिळावं म्हणून!

मग करायचं काय? मालकांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, तिन्ही स्वस्तातल्या. एक, काउंटरवरच्या माणसाला दोन-तीनशे रुपयांपर्यंतची चूक स्वतः दुरुस्त करायची मुभा द्या. दोन, किचन तुंबलं की अ‍ॅपवरच्या ऑर्डरी थोडा वेळ बंद ठेवा. तीन, शिफ्ट आठवडाभर आधी सांगा आणि जेवायची अर्धी तास सुट्टी गर्दीतही मोडू नका.

आणि आपण ग्राहकांनी? तक्रार जरूर करा, पण ती दुकानाची करा. वार, वेळ, किती थांबावं लागलं, काय चुकलं, हे लिहा. ते वाचून मालकाला माणसं वाढवावी लागतील. पोराचा चेहरा आणि छातीवरचं नाव टाकलं तर मालकाचं काम सोपं होतं : त्याला काढायचं, दुसरा आणायचा, स्क्रीन पुन्हा लाल. पुढच्या शनिवारी तुमच्यासमोर तोच राग नव्या चेहऱ्याने उभा असतो.

त्या पोरांची कॉलेजची फी या पगारातून जाते. व्हायरल झालेला व्हिडिओ पुढच्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत त्यांच्या मागे येतो. पंचवीस मिनिटांच्या उशिराला एवढी शिक्षा जास्त होते, असं मला वाटतं.

ग्रुपच्या अ‍ॅडमिन मंडळींना म्हणूनच विनंती आहे, कामगाराचा चेहरा दिसणारे असे व्हिडिओ मंजूर करू नका. तक्रार लेखी घ्या, दुकानाच्या नावाने घ्या. पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा, बोलू. आणि तुमच्या घरातलं कुणी अशा काउंटरमागे उभं राहत असेल, तर त्यांचं म्हणणं आधी लिहा.