मेलेल्याचं मेडल

आधीच सांगून टाकतो, मला जमवाजमव करणाऱ्या लोकांचा राग नाही. शाळेत असताना मीही काडेपेटीचे छाप, पोस्टाची तिकिटं आणि पुढे शिवराई जमवल्या आहेत. नाणं मुळात हजार हातांतून फिरायलाच पाडलेलं असतं, त्यातलं एक माझ्या डब्यात येऊन पडलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण युद्धात मेलेल्या सैनिकाचं मेडल विकत घ्यायचं, मखमलीच्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि त्याला 'हॉबी' म्हणायचं, हे मला पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो. विकांत आहे, वेळ आहे.

माझा एक मित्र आहे. (नाव लिहिणार नाही, तो हे वाचतो.) आपल्यासारखाच आयटीवाला, पगार बरा, ईएमआय त्याहून बरे. पहिल्या महायुद्धातली मेडल्स जमवतो, त्यातही मराठा पलटणींची. ह्या धंद्याची भाषा मी त्याच्याकडूनच शिकलो. एकाच माणसाची तीन मेडल्स असली तर 'ट्रायो', दोन असली तर 'पेअर'. आणि तो माणूस युद्धात मेला असेल तर 'कॅज्युअल्टी'. कॅज्युअल्टीला भाव जास्त. म्हणजे मेडल तेच, चांदी तेवढीच, पाचव्या जॉर्जचा मुखडाही तोच. पण शिपाई धडधाकट गावी परतला असेल तर एक किंमत, आणि मेसोपोटेमियात कुठेतरी मेला असेल तर चढी किंमत. "डिमांड असते रे," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. डिमांड कशाची, ते तो बोलत नाही.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं टेक्निकल. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, व्यास साधारण 36 मिलिमीटर. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. लेबर कोअरमध्ये गेलेल्या हिंदुस्थानी माणसाला हेच मेडल ब्राँझचं. हमाली करताना मेलात तर चांदी नाही! शिवाय मेलेल्यांच्या घरी ब्राँझची एक तबकडी जायची, सुमारे 12 सेंटीमीटरची. अशा तेरा लाखांहून जास्त तबकड्या काढल्या. इंग्लंडमधल्या लोकांनीच तिचं नाव 'डेड मॅन्स पेनी' ठेवलं, मेलेल्याचा पैसा. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. 1916 साली मेलेला आपल्याकडचा शिपाई नक्की कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मेला, हे विचारायचं नाही.

आता माझा मुद्दा. ब्रिटिश वॉर मेडल सुरू झालं 1919 साली. 1916 मध्ये मेलेल्यानं ते छातीवर लावणं सोडाच, डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते पाठवलं गेलं त्याच्या बायकोला, बापाला. म्हणजे ह्या केसमध्ये ते मेडल नाहीच, ती पोच आहे. मुलगा घेतला, पोच दिली. ती पोच तुम्ही भाव करून विकत घेता.

"आम्ही इतिहास विकत घेतो," असं मित्र म्हणतो. बरं. मग ज्या मेडलच्या कडेवरचं नाव कुणीतरी कानशीनं घासून काढलंय ते स्वस्त का मिळतं? चांदी तर तेवढीच आहे, इतिहासही तोच आहे. म्हणजे तुमच्याच बाजाराच्या हिशोबानं तुम्ही विकत घेता ते नाव. एका विशिष्ट माणसाचं नाव आणि त्याचं मरण. एवढं एकदा कबूल केलं की मग त्या नावाशी तुमचं काही देणं लागतं की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

आणि ते नाव किती महाग आहे बघा. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या 103, 110 आणि 117 ह्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शेवटी अन्न संपलं आणि सुमारे 13 हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यातले कितीतरी वाळवंटात चालता चालताच मेले. मेसोपोटेमियात मेलेल्या ज्यांना थडगं नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, 40 हजारांवर माणसांचं. त्यावर ब्रिटिशांची नावं कोरली, साध्या सोल्जरपर्यंत. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदुस्थानी शिपायांचा मात्र नुसता आकडा! पलटण अमुक, मेले इतके. 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं ह्या भेदभावाचा अहवाल काढून माफी मागितली. आज त्यांच्या साइटवर नावं शोधता येतात, ते चांगलंच आहे. पण शंभर वर्षं त्या माणसाचं नाव धातूवर असं एकाच ठिकाणी होतं, घरी आलेल्या बिल्ल्याच्या कडेवर आणि त्या तबकडीवर. आपल्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डची एकुलती एक कॉपी. ती तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर घेतलीत, मूळ ठिकाणाहून उडवलीत आणि पासवर्ड लावलात.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं. "आम्ही घेतली नसती तर वितळवली असती." ह्यात तथ्य आहे, नाही असं नाही. 1979-80 मध्ये चांदी भडकली तेव्हा इंग्लंडमध्येसुद्धा ही मेडल्स ढिगानं वितळली. आणि मोडीत आलेल्या चांदीचं पुढे काय होतं हे ज्याच्या गावात गुजरी आहे आणि शेजारी हुपरी आहे त्या कोल्हापूरकराला शिकवायला नको. त्या मेडल्सची पैंजणं झाली नाहीत ह्याबद्दल आभार. पण भावा, वाचवणं म्हणजे लपवणं नव्हे. बुडणाऱ्या पोराला बाहेर काढलं म्हणून ते तुमचं होत नाही.

आणि सगळंच काही मोडीतून वाचवलेलं नसतं. हिमाचलच्या नाईक किरपा राम ह्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला होता. 1945 मध्ये ट्रेनिंग चालू असताना आखूड पडलेल्या ग्रेनेडकडे धावत जाऊन त्यांनी स्वतःचा जीव दिला आणि बाकीचे वाचले. ते पदक 2002 साली त्यांच्या विधवेच्या घरातून चोरीला गेलं आणि 2009 मध्ये उगवलं कुठे, तर लंडनच्या लिलावात. बोभाटा झाला म्हणून लिलाव थांबला आणि बऱ्याच खटपटींनंतर ते तिला परत मिळालं. जॉर्ज क्रॉस होता म्हणून कुणाच्या तरी लक्षात आलं. साध्या शिपायाचं ब्रिटिश वॉर मेडल असतं तर एव्हाना तिसऱ्या मालकाकडे असतं.

कायद्याची गंमत ऐका. आपल्या 1950 च्या आर्मी ॲक्टप्रमाणे सैनिकानं स्वतःचं मेडल विकलं किंवा गहाण टाकलं तर तो गुन्हा आहे. म्हणजे ज्यानं ते कमावलं त्याला विकता येत नाही. तो मेला की बाकी सगळ्यांना येतं. शंभर वर्षं उलटलेल्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेऊन विकायला 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो खरा, पण पहिल्या महायुद्धाची मेडल्स आता त्या वयाची झाली आहेत हे कुरियरच्या काउंटरवर कोण तपासतंय?

विकणाऱ्या घरांना मी एका शब्दानं बोलणार नाही. दुष्काळात, लग्नात, आजारपणात बायकांनी मंगळसूत्रं विकली आहेत, तिथे साहेबानं पाठवलेला बिल्ला कोण कवटाळून बसणार? शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या, साताऱ्याकडचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे 46 जण गेले, त्यांचं स्मारक गावात आहे आणि गाव ते जपतं. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचं तर ठीकच असतं. 1944 मध्ये इटलीत पडलेल्या यशवंत घाडगे ह्यांचा माणगावला पुतळा आहे, आणि 2023 मध्ये तिकडे माँतोने गावात त्यांच्या नावाचं सनडायल स्मारकही झालं. माझं भांडण बाकीच्यांसाठी आहे, ज्यांच्या वाट्याला ना पुतळा, ना भिंतीवरची ओळ.

मग काय, सगळं सरकारजमा करायचं? नको रे बाबा. सरकारी गोदामात काय होतं ते आपण जाणतो. माझं मागणं एवढंच आहे की एका माणसाची मेडल्स जास्त पैसे येतात म्हणून सुटी करून विकायची नाहीत. कडेचा फोटो काढून नंबर, नाव, पलटण जाहीर टाकायचं, कुणालाही शोधता येईल असं, देवनागरीतसुद्धा. कारण इंग्रज कारकुनानं केलेलं आपल्या आडनावाचं स्पेलिंग त्याचा पणतूही गुगल करू शकणार नाही. घरचं कुणी पुरावा घेऊन आलं तर घेतलेल्या किमतीला परत द्यायचं, वर एक रुपया नाही. आणि कुणीच आलं नाही तर आपल्यामागे ते भंगारात जाऊ नये म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला आधीच विचारून ठेवायचं. अमेरिकेत 'पर्पल हार्ट्स रियुनायटेड' नावाची संस्था 2012 पासून हेच काम करते, हरवलेली मेडल्स शोधून घरी पोचवते, फुकट.

मित्राला हे सगळं तोंडावर सांगून झालंय. त्याचं म्हणणं, नावं जाहीर केली की उद्या दहा जण 'आमच्या पणजोबांचं आहे' म्हणत दारात उभे राहतील. राहू देत की! शंभर वर्षांनी दहा घरांनी पणजोबाची चौकशी केली तर त्यात रडण्यासारखं काय आहे? त्याच्याकडे अशी अकरा मेडल्स आहेत. अकरा फोटो, फार तर अर्ध्या तासाचं काम, साइट बनवून द्यायला मी तयार आहे, होस्टिंगचा खर्चही माझा. डोमेन तर घेऊनही ठेवलंय. फोटो अजून आलेले नाहीत.