‘अंदाजानं घाल!’

मैत्रिणींनो,

या अंकाची शेवटची चार पानं पाककृतींची आहेत, हे पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. संपादक मंडळाच्या बैठकीतही त्या पडल्या होत्या. “‘खास महिलांसाठी’ छापाच्या पानांना कंटाळून आपण हे त्रैमासिक काढलं आणि आता पुन्हा फोडण्या शिकवायच्या?” असं एका मैत्रिणीनं स्पष्टच विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देण्यासाठी मला माझ्याच घरातली गोष्ट सांगावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात मी तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळले होते. चौथ्या दिवशी तोंडाला जराशी चव आली आणि मऊ भात, तूप आणि मेतकूट खावंसं वाटलं. घरात नवरा आणि चोवीस वर्षांचा मुलगा. दोघंही जीव लावणारे, आमच्या मोर्च्यांत चालणारे. बाहेरून डबा आणायला एका पायावर तयार. पण मऊ भात डब्यात मिळत नाही. “तांदूळ किती घेऊ?” स्वयंपाकघरातून हाक आली. मग “पाणी किती?” मी पडल्या पडल्या म्हटलं, “अंदाजानं घाल.” थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मी भिंतीला धरत ओट्यापाशी गेले, स्वतःचा मऊ भात स्वतः केला आणि सवयीनं त्या दोघांचीही पानं वाढली.

बरी झाल्यावर आधी त्या दोघांचा राग आला. रोज डोळ्यांसमोर शिजणाऱ्या भाताचं माप सत्तावीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटू नये, हा काही भोळेपणा नाही. ती सोय आहे. मग माझाही राग आला. मुलाला मी १९७६ चा समान वेतनाचा कायदा समजावून सांगितला होता, भाताला पाणी किती ते नाही. सांगत बसण्यापेक्षा उठून करणं मला सोपं वाटलं. ते ‘सोपं’ मला किती महाग पडलं, ते तापातच कळलं.

हे एकट्या माझ्या घरचं नाही. २०१९ साली देशभर झालेल्या वेळवापर सर्वेक्षणात शंभरातल्या ८१ बायका घरकाम करताना आढळल्या आणि २६ पुरुष. जे करत होते त्यांच्यातही बायकांचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. आजारपणाची रजा या पाच तासांना लागू नाही.

आमच्या शिबिरात एकदा आम्ही साधा प्रश्न विचारला : तुम्हाला स्वतःला काय खायला आवडतं? “ह्यांना वांग्याचं भरीत लागतं,” “पोरांना बटाटा आवडतो,” अशी उत्तरं आली. “तुम्हाला?” असं पुन्हा विचारल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, “दुसऱ्यानं करून वाढलेलं काहीबी.” सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. दमल्याभागल्या जिवाला आधार देणारं जेवण आपण सगळ्यांसाठी रांधतो. आपल्यासाठी ते कोण रांधणार? बहुतेक वेळा उत्तर असतं आई, बहीण, शेजारीण, सून. म्हणजे ओझं उतरतं ते दुसऱ्या बाईच्याच डोक्यावर.

म्हणून मला ‘अंदाज’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. अंदाज हे बायकांचं खरंखुरं ज्ञान आहे, वर्षानुवर्षं हातात मुरलेलं. त्याचा मला अभिमान आहे. पण जे ज्ञान फक्त हातात राहतं, ते काम त्याच हातांना चिकटून राहतं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी-चमच्याच्या मापानं तिनं कितीतरी नव्या नवऱ्यांची, म्हणजे नवऱ्या मुलींची, भीती घालवली. लग्नात ती मुलींना भेट दिली जाई. मुलग्यांच्या हातात ती का पडली नाही, हा प्रश्न पुस्तकाला नाही, आपल्याला आहे.

तेव्हा या अंकातल्या पाककृती आम्ही ‘गृहिणींसाठी’ लिहिलेल्या नाहीत. ज्याला काहीच येत नाही, त्याच्यासाठी त्या आहेत. मासला म्हणून इथे एक देते.

पिठलं, तिघांना पुरेल एवढं : एक वाटी बेसन, तीन वाट्या गार पाणी. पीठ थोड्या पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवायचं, मग उरलेलं पाणी घालायचं. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी घालायची. ती तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, ठेचलेल्या लसणाच्या सहा पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की पाव चमचा हळद आणि लगेच कालवलेलं पीठ. चवीपुरतं मीठ. मंद आचेवर सतत ढवळायचं. घट्ट झालं की झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. पिठाचा कच्चा वास गेला, म्हणजे झालं. वर कोथिंबीर. आणि कढईत लगेच पाणी घालून ठेवायचं, कारण ती घासणं हाही पाककृतीचाच भाग आहे. शेवटचं हे वाक्य पाककृतींच्या पुस्तकांत सहसा नसतं. आमच्या चारही पानांवर ते आहे.

पिठल्यानं क्रांती होत नाही, हे मलाही कळतं. पाणी, रेशन, पाळणाघर, कामाचे तास हे लढे आहेतच आणि ते लढावेच लागतील. पण बैठक लांबली म्हणून जीव टांगणीला लागून निम्म्यातून उठणारी मैत्रीण आपल्या प्रत्येक गटात आहे. तिची खुर्ची रिकामी होते, तेव्हा आपली चळवळही तेवढी रिकामी होते.

ही चार पानं अंकापासून सुटी होतील अशी लावली आहेत. ती फाडा आणि ओट्यापाशी, घरातल्या सगळ्यांना दिसतील अशी चिकटवा. मग एका संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून राहा. हाक आली तर “भिंतीवर लिहिलंय” एवढंच म्हणा. पिठलं गुठळ्यांचं झालं तरी उठू नका. आमच्या घरी पहिलं तसंच झालं होतं. मी ते मागून घेऊन खाल्लं.

तुमच्या घरी काय झालं, ते जरूर लिहून कळवा.

तुमचीच,
संपादक