‘बीपीए-फ्री’ आहे, पण मग आत काय आहे?

मुलांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची भांडी घ्यायला गेले की वेष्टनावर ‘बीपीए-फ्री’ अशी ठळक अक्षरे दिसतात. त्यासाठी आपण चार पैसे जास्तही मोजतो. बीपीए नाही, एवढेच ती अक्षरे सांगतात. त्याच्या जागी काय घातले आहे, याबद्दल त्या वेष्टनावर अवाक्षर नसते.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक आणि खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून दिला जाणारा इपॉक्सीचा लेप यांत ते वापरतात. शरीरात गेल्यावर ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. हे ज्ञान अलीकडचे नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स १९३०च्या दशकात कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, तेव्हाच त्यांनी बीपीएचा हा गुण नोंदवला होता. औषध म्हणून ते मागे पडले, कारण १९३८मध्ये त्याहून कितीतरी प्रभावी असे डीईएस हाती आले. गर्भपात टळावा म्हणून ते लाखो गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९७१मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, त्यांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत आहे. औषध आईने घेतले होते, आजार उमटला पुढच्या पिढीत. बीपीए मात्र तोवर प्लॅस्टिकमार्गे घरोघरी पोहोचले होते. संप्रेरकासारखे वागणारा पदार्थ अन्नाच्या भांड्यांत कसा, हे विचारायला कोणी थांबले नव्हते.

ते विचारले गेले तेही अपघातानेच. १९९८मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करत होत्या. ज्यांना काहीही दिले नव्हते, अशा उंदरांच्या बीजांतही गुणसूत्रांची गडबड अचानक वाढली. शोध घेतल्यावर कळले की, पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशीच्या तीव्र साबणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लॅस्टिक झिजून त्यातून बीपीए पाझरत होते. सुमारे वीस वर्षांनी, नव्या विद्यापीठात, बीपीएला पर्याय म्हणून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यांत हंट यांच्या उंदरांमध्ये पुन्हा तोच गोंधळ दिसला. या वेळी आरोपी होते बीपीएचे भावंड, बिस्फेनॉल-एस. २०१८मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. नाव बदलून तोच भाडेकरू परत राहायला आला, असा हा प्रकार. दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदातही हेच झाले: बीपीए गेले आणि बिस्फेनॉल-एस आले.

उंदरांवरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. बीपीए काही तासांत लघवीवाटे निघून जाते, हेही खरे. पण अमेरिकेत २००३-०४मध्ये तपासलेल्या सुमारे ९३ टक्के लोकांच्या लघवीत ते सापडले. म्हणजे ते जितक्या लवकर जाते, तितक्याच नेमाने परत येते. मधुमेह आणि हृदयविकाराशी त्याचे नाते काही पाहण्यांत दिसते, मात्र बीपीएमुळेच ते होतात असे अजून सिद्ध झालेले नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये बीपीएची सुरक्षित दैनंदिन मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला ते पटले नाही. पण तिने सुचवलेली मर्यादाही जुन्या मर्यादेपेक्षा वीस पटींनी कमीच आहे. वाद किती खाली यायचे याचा आहे. जुना आकडा बरोबर होता, असे या दोघींपैकी कोणीच म्हणत नाही.

युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरण्यावर बंदी घातली. २०२५च्या जानेवारीपासून ती लागू झाली, उद्योगांना बदलासाठी मुदत मिळाली आणि इतर घातक बिस्फेनॉलही नियमाच्या कक्षेत घेतले गेले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या २०१५च्या मानकानुसार बाळाच्या दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीत बीपीए चालत नाही. चांगलेच झाले. पण दुधाची बाटली सुटली की मूल पाणी पिते ते कशातून?

बारशापासून लग्नापर्यंत, बँकेपासून क्लासपर्यंत २० लिटरचे निळे जार आले आहेत. त्यांतले बरेचसे पॉलिकार्बोनेटचे असतात. ते टेम्पोत उन्हात उभे राहतात, धुऊन पुन्हा भरले जातात, चरे पडले तरी फिरत राहतात. तीव्र साबणाने या प्लॅस्टिकचे काय होते, हे हंट यांच्या पिंजऱ्यांनी दाखवलेच आहे. जार कशाने धुवायचा, किती वेळा भरायचा आणि कधी बाद करायचा, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. त्याचे नियम हवेत आणि तपासणी पाण्याबरोबर जारचीही व्हायला हवी. भांड्यांसाठीचा नियमही एकट्या बीपीएपुरता न ठेवता बिस्फेनॉलच्या सगळ्या कुटुंबासाठी करावा, नाहीतर ‘फ्री’ या अक्षरांमागे पुढचे भावंड तयारच असते.

तोवर पुढचा जार घरात घेताना तो उपडा करून पाहा. तळाच्या त्रिकोणात ७ हा आकडा असेल आणि प्लॅस्टिक कडक, काचेसारखे असेल, तर ते बहुधा पॉलिकार्बोनेट आहे. चरे पडलेला, धुरकटलेला जार परत करा आणि तो शेवटचा कधी बदलला होता, हे पुरवठादाराला विचारा.