पावसाळा सरेल, हंगामाचे काय?

बुधवारी, १३ ऑगस्ट २०२५ रोजी, फातोर्डाच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवाची गाठ ओमानच्या अल सीब क्लबशी पडणार होती. एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा हा सामना होता. जिंकणारा संघ गटसाखळीत जाणार होता. हंगामाची याहून चांगली सुरुवात कोणता पाठीराखा मागेल? मात्र त्या वेळची स्थिती चमत्कारिक होती. आशियातील सामन्याची तारीख ठरली होती आणि घरच्या लीगची तारीखच नव्हती. इंडियन सुपर लीगचा बारावा हंगाम कधी सुरू होणार, किंबहुना होणार की नाही, हे तेव्हा कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

एरवी मे ते ऑगस्ट हे महिने गोव्यातील फुटबॉलप्रेमींच्या हिशेबांचे असतात. मैदाने चिखलाने भरलेली, आकाश भरून आलेले आणि मडगावपासून म्हापशापर्यंत चर्चा एकच: कोण गेला, कोण आला, बचावफळी कोण सांभाळणार, गोल कोण करणार. या चर्चेला आशेची एक ठेवणीतली गोडी असते, कारण सामने सुरू होईपर्यंत प्रत्येक संघ अजिंक्य असतो. २०२५ मध्येही हिशेब मांडण्यासारखे पुष्कळ होते. पण हिशेबाची वहीच कोणीतरी बंद करून ठेवली आहे, अशी भावना तेव्हा पाठीराख्यांत होती.

आधी आशेची बाजू पाहू. २०२४-२५ च्या हंगामात एफसी गोवाने २४ सामन्यांत ४८ गुण मिळवून मोहन बागानच्या पाठोपाठ दुसरे स्थान पटकावले. उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पहिला सामना ०-२ असा गमावल्यावर फातोर्डावर संघाने जिद्दीने दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळ होणार असे वाटत असतानाच भरपाईच्या वेळेत सुनील छेत्रीचा हेडर जाळ्यात गेला. सामना गोव्याने २-१ असा जिंकला आणि लढत हरली. २०१५ मध्ये याच मैदानावर, अखेरच्या मिनिटांत २-१ अशी आघाडी हाती असताना, चेन्नईयनविरुद्धचा अंतिम सामना २-३ असा निसटला होता. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात बंगळुरूने जादा वेळेत एका गोलने विजेतेपद हिरावले. २०१९-२० मध्ये लीग विनर्स शिल्ड मिळाली, पण आयएसएलचा करंडक ऑगस्ट २०२५ पर्यंत गोव्यात आलेला नव्हता. ‘यंदा तरी’ हे दोन शब्द इथल्या पाठीराख्यांच्या तोंडी कायमचे बसले आहेत, ते उगाच नव्हे.

एप्रिलमधील त्या जखमेवर महिन्याच्या आत फुंकर घातली गेली. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० असे नमवून गोव्याने सुपर कप दुसऱ्यांदा जिंकला आणि ही स्पर्धा दोनदा जिंकणारा तो पहिला क्लब ठरला. बोर्हा हेरेराने दोन आणि देयान द्राझिचने एक गोल केला. अल सीबविरुद्धचा सामना हे याच विजयाचे फळ. प्रशिक्षक मानोलो मार्केझ राहिले, हीही जमेची बाजू. त्याआधी वर्षभर ते क्लब आणि भारतीय संघ अशा दोन नौकांवर उभे होते. राष्ट्रीय संघासोबत आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, जूनमध्ये हाँगकाँगकडून हार पत्करावी लागली आणि जुलैच्या आरंभी ते त्या जबाबदारीतून मुक्त झाले. त्यांच्या जागी १ ऑगस्टला खालिद जमील यांची नियुक्ती झाली. मार्केझ यांचे लक्ष त्यानंतर एकाच संघावर असणार होते. हाविएर सिव्हेरियोच्या आगमनाने आघाडीफळीला धार येईल अशी अपेक्षा होती. संदेश झिंगनच्या अनुभवाचा आधार होता आणि ब्रायसन फर्नांडिससारखा आपल्याच मातीतला तरुण दर सामन्यागणिक परिपक्व होत होता. केवळ मैदानापुरते पाहिले तर त्याआधीच्या काही वर्षांत इतकी आश्वासक विश्रांती क्वचितच आली असेल.

आता काळजीची बाजू. तिचे मूळ एका करारात आहे. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क रिलायन्स समूहाशी संबंधित कंपनीला १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. पुढे याच करारातून २०१४ मध्ये आयएसएल जन्माला आली. लीग चालविणाऱ्या फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेडकडून महासंघाला २०२५ मध्ये वर्षाला सुमारे ५० कोटी मिळत होते. हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. म्हणजे सप्टेंबरमध्ये लीग सुरू झाली तरी तिसऱ्या महिन्यातच तिचा कायदेशीर पाया संपणार होता. महासंघाच्या घटनेचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात निकालासाठी राखून ठेवलेला होता आणि तो लागेपर्यंत नवा करार करण्यास महासंघाला मोकळीक नव्हती. या कोंडीत ११ जुलै रोजी कंपनीने क्लबना कळविले की पुढील स्पष्टता येईपर्यंत लीग स्थगित आहे.

एक पत्र आले आणि दशकभराचा डोलारा हलला. ४ ऑगस्टला बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन बेमुदत थांबविले. आणखी काही क्लबनी करार किंवा सराव स्थगित केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत महासंघ आणि क्लब यांची बैठक झाली, तीत सप्टेंबरमध्ये सुपर कपने हंगामाला सुरुवात करण्याचा विचार पुढे आला. रिकामे बसण्यापेक्षा ते बरे. पण काही दिवसांची बाद फेरीची स्पर्धा म्हणजे सहा-सात महिन्यांची लीग नव्हे. प्रायोजक, प्रक्षेपणाचा वाटा, तिकीटविक्री, परदेशी खेळाडूंचे करार या साऱ्यांचे गणित लीगवर बेतलेले असते. शिवाय आशियाई प्रवेशासाठी क्लबला हंगामात किमान २४ स्पर्धात्मक सामने खेळावे लागतात. लीग झाली नाही तर गोव्याने २०२५ मध्ये कमावलेला आशियाचा दरवाजा पुढच्या वर्षी कोणत्याच भारतीय क्लबला सहज उघडणार नव्हता.

क्लब किती वेगाने कोसळू शकतो, याचे उदाहरण दूरचे नाही. मार्च २०२२ मध्ये फातोर्डावरच हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून आयएसएल जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षकही मार्केझच होते. त्यानंतर वेतन थकले, खेळाडू पांगले आणि २०२३-२४ च्या हंगामात तोच क्लब तक्त्याच्या तळाशी गेला. खेळ बिघडल्यामुळे ही घसरण झाली नव्हती, तिजोरी रिकामी झाली होती. विजेतेपद हे क्लबच्या दीर्घायुष्याचे प्रमाणपत्र नसते, एवढे तरी गोव्याने त्यातून शिकायला हवे.

खरे तर हा धडा गोव्याने स्वतःच्याच अंगणात आधी घेतला आहे. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाल्यापासून २०१२-१३ पर्यंतची पहिली सहाही विजेतेपदे गोव्याच्या क्लबनी जिंकली: धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. आर्मांदो कोलासो यांच्या मार्गदर्शनाखालील धेंपो संघ त्या काळी देशातला सर्वोत्तम मानला जाई. पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या राज्याने सहा वर्षे साऱ्या देशावर राज्य करावे, ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या वैभवाचा पाया अरुंद होता. खाणी, जहाजे आणि उद्योग यांतून उभी राहिलेली मोजकी घराणी क्लबचा भार वाहत होती. आयएसएल आली आणि आय-लीग दुय्यम ठरविण्याचा आराखडा महासंघाने पुढे केला. त्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दी गोवा या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचा संताप रास्त असेलही, पण मैदानावर न हरता गोव्याचे तीन क्लब एका उन्हाळ्यात राष्ट्रीय नकाशावरून पुसले गेले. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४-२५ उजाडावे लागले.

चर्चिल ब्रदर्सच्या वाट्याला २०२५ मध्ये आलेला अनुभवही याच जातीचा. महासंघाच्या अपील समितीने आय-लीगचे विजेतेपद त्यांना दिले होते. १८ जुलै रोजी स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीची बाजू उचलून धरली आणि विजेतेपद व त्याबरोबर आयएसएलमधील बढतीही त्यांच्याकडे गेली. लवादाच्या निर्णयाशी वाद घालण्याचे इथे कारण नाही. मुद्दा असा की लीगचा विजेता अखेरच्या सामन्यानंतर तीन महिन्यांनी, समुद्रापारच्या कागदपत्रांवरून ठरावा, ही व्यवस्था पाठीराख्याचा विश्वास पोखरते. सासष्टीतील ज्या कुटुंबांनी एप्रिलमध्ये आनंद साजरा केला, त्यांनी जुलैत कोणाला जाब विचारायचा?

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की आयएसएलने गोव्याला पुष्कळ दिले. ते नाकारता येणार नाही. झिको यांच्यासारखा दिग्गज पहिली तीन वर्षे इथे प्रशिक्षक होता. २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि तीन बरोबऱ्या साधून परतला. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, धेंपो, साळगावकर, चर्चिल, वास्को अशा निष्ठांत विभागलेल्या राज्याला प्रथमच एक सामायिक संघ मिळाला. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा माणूस एकाच रंगाचा सदरा घालून फातोर्डाला येऊ लागला. म्हणूनच तेव्हाची भीती मोठी होती. पूर्वी एक क्लब बुडाला तर दुसरा होता. आता साऱ्यांनी एकाच होडीत पाय ठेवला आहे आणि तिचे सुकाणू गोव्यात नाही.

घराण्यांचा काळ आणि लीगचा काळ वरवर भिन्न दिसतात, पण दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही वेळा गोव्याचे फुटबॉल एकाच खांबावर उभे होते आणि तो खांब हलविण्याचा वा सावरण्याचा अधिकार प्रेक्षकांकडे, खेळाडूंकडे किंवा राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे नव्हता. दिल्लीत उद्या नवा करार झाला, लीग महिनाभर उशिरा का होईना सुरू झाली, तर आपण सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा आघाडीफळीच्या चर्चेत रमू. तो सर्वांत मोठा धोका ठरेल.

कराराच्या वाटाघाटी गोव्याच्या हाती नाहीत, पण पाया रुंद करणे हाती आहे. गोवा प्रोफेशनल लीग ही त्याची पहिली पायरी. तिचे वेळापत्रक वर्षारंभीच जाहीर व्हावे, सामने संध्याकाळी आणि बसता येईल अशा मैदानांवर व्हावेत आणि तिथे एफसी गोवा, धेंपो, चर्चिल यांचे तरुण संघ नियमित भिडताना दिसावेत. राष्ट्रीय लीग अडली तरी खेळाडूला सामना आणि क्लबला प्रेक्षक मिळत राहतील. दुसरी गोष्ट, नव्या करारात क्लबना आणि खेळाडूंना स्थान हवे. वेतनाची हमी, बढती-घसरणीचे निश्चित नियम आणि करार संपण्याच्या किमान एक वर्ष आधी पुढची व्यवस्था ठरविण्याचे बंधन या मागण्या गोव्याच्या क्लबनी एकमुखाने मांडायला हव्यात. तिसरी गोष्ट पाठीराख्यांची. स्टेडियम भरणे ही निष्ठा खरीच, पण क्लबच्या कारभाराविषयी प्रश्न विचारण्याचा, त्याची उत्तरे मागण्याचा अधिकारही त्याच निष्ठेतून येतो. क्लबनी पाठीराख्यांच्या प्रतिनिधींशी वर्षातून दोनदा उघडपणे बोलण्याची प्रथा सुरू केली तर तिला फारसा खर्च लागणार नाही.

१३ ऑगस्टच्या सामन्याला गर्दी होणार होती आणि व्हायलाच हवी होती. अल सीब २०२२ मध्ये एएफसी कप जिंकलेला क्लब आहे. त्याचे खेळाडू लढत सोपी करणार नव्हते. गोवा जिंकला तर गटसाखळीची सोडत दोन दिवसांवर असणार होती आणि रोनाल्डोचा अल नासर याच स्पर्धेत असल्याने साऱ्या राज्याचे डोळे त्या चिठ्ठ्यांकडे लागणार होते. ते घडले तर तो मोठा सोहळाच ठरणार होता. पण २०२५ मध्ये जगाच्या क्रमवारीत १३३ व्या स्थानी घसरलेल्या देशाचे आणि ब्रायसनच्या मागून येणाऱ्या पोरांचे भवितव्य त्या एका रात्रीवर ठरणार नव्हते. ते ठरेल दर शनिवारी, दर रविवारी, कोणी पाहो न पाहो, सामने होत राहतात की नाहीत यावर. त्यामुळे फातोर्डाच्या सज्जांतून संघाच्या नावाचा जयघोष होईल, तेव्हा त्यासोबत आणखी एक मागणी ऐकू यायला हवी: आमचा हंगाम कधी?